कधीच रंगवावी न लागणारी फळी

अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये रंगाच्या दुकानात आज एक विशिष्ट डबा सहज मिळतो. ‘लाकडी व कॉम्पोझिट डेकसाठी’ असे त्यावर छापलेले असते. गिऱ्हाईक तो उचलते, पैसे देते, घरी जाते. त्यात वावगे काहीच नाही. मात्र इतिहासाच्या दृष्टीने पाहिले तर हा डबा एक कबुलीजबाब आहे. कारण कॉम्पोझिट फळी बाजारात आली, तीच मुळी ‘हिला कधी रंग लावावा लागणार नाही’ या वचनावर.

हा धागा त्या वचनाच्या इतिहासाचा आहे. हे वचन एकदाच दिले गेले नाही. दोनशे वर्षांत निरनिराळ्या फळ्यांच्या नावाने ते पुनःपुन्हा दिले गेले. त्या प्रवासात मुंबईची गोदी आहे, देहरादूनची प्रयोगशाळा आहे, कॅलिफोर्नियाच्या बागा आहेत आणि फ्लोरिडाची दलदलही आहे.

आधी शब्दांचा खुलासा. डेक म्हणजे घराला लागून, परसात, जमिनीपासून थोडा उंच बांधलेला उघडा लाकडी ओटा. वर छप्पर नाही, त्यामुळे ऊन, पाऊस, बर्फ सारे थेट अंगावर. कॉम्पोझिट फळी म्हणजे लाकडाचा बारीक भुसा आणि वितळवलेले प्लास्टिक एकत्र कालवून साच्यातून लांबच लांब पिळून काढलेली फळी. आपल्याकडच्या सुतारांना ‘डब्ल्यूपीसी’ हा शब्द परिचित आहे. न्हाणीघराचे दरवाजे आणि स्वयंपाकघरातील कपाटे यांसाठी तो माल सर्रास वापरतात. त्यात बहुधा पीव्हीसी असते. अमेरिकी डेकच्या फळीत मात्र मुख्यतः पॉलिइथिलीन असते, म्हणजे दुधाच्या पिशवीचे प्लास्टिक. हा भेद लक्षात ठेवावा. पुढे रंगाच्या बाबतीत सारे त्यावरच अडते.

‘डेक’ हा शब्द मुळात जहाजाचा. डच भाषेतील आच्छादन या अर्थाच्या शब्दापासून तो इंग्रजीत आला. समुद्रावरच्या उन्हापावसात, खाऱ्या पाण्यात, शेकडो पायांखाली टिकणारी लाकडी जमीन कशी करावी, हा प्रश्न जहाजबांधणाऱ्यांनी शतकानुशतके हाताळला. त्याचे एक उत्तम उत्तर मलबारच्या सागवानात होते. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली बांधलेली ‘एचएमएस ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका १८१७ साली पाण्यात उतरली. ती आज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे, दोनशे वर्षे उलटूनही, तरंगते आहे.

जहाजाच्या बाजू रंगवत. डेक मात्र रंगवीत नसत. खलाशी तो वाळूने आणि ‘होलीस्टोन’ नावाच्या मऊ दगडाने घासून पांढराफटक ठेवीत. चालण्याच्या जागी रंग टिकत नाही, पाय घसरतो, आणि रंगाच्या पापुद्र्याला तडा गेला की पाणी त्याखाली अडकून लाकूड अधिकच कुजते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. सागाच्या अंगात नैसर्गिक तेल असते. बुरशी आणि वाळवी दोघींनाही ते मानवत नाही. म्हणून रंगाविना टिकणारी पहिली फळी झाडानेच बनवलेली होती, असे म्हणता येईल. ज्यांच्या वाट्याला साग आला नाही त्यांनी ते तेल बाहेरून चोळले. कोकणात होड्यांना काजूच्या टरफलांचे तेल आणि माशाचे तेल लावण्याची रीत याच जातीची.

साग मात्र जगाला पुरणारा नव्हता. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली आणि लाकडाची भूक एकदम वाढली. रुळांखालची प्रत्येक पट्टी, म्हणजे स्लीपर, लाकडाची असे. साग, साल, देवदार ही टिकाऊ झाडे झपाट्याने तुटू लागली. चीड विपुल होता; पण चिडाचे लाकूड जमिनीला टेकले की काही वर्षांतच वाळवी आणि बुरशी त्याचा फडशा पाडीत. प्रश्न असा उभा राहिला की, निसर्गाने सागाला जे दिले ते चिडाला माणसाने कसे द्यावे?

इंग्लंडमध्ये जॉन बेथेल याने १८३८ साली याचे एक उत्तर पेटंट करून ठेवले होते. बंद लोखंडी टाकीत लाकूड ठेवायचे, आतली हवा खेचून घ्यायची आणि मग दाब देऊन क्रिओसोट हे डांबरापासून काढलेले तेल लाकडाच्या पेशीपेशीत घुसवायचे. पद्धत इतकी चोख होती की दाबाने रसायन भरण्याचे मूळ तत्त्व आजही तेच आहे. क्रिओसोट मात्र घरात आणण्याजोगी वस्तू नव्हती. काळेकुट्ट, तेलकट, उग्र वासाचे. हाताला लागले तर जळजळ. त्यावर रंग लावावा तर काळे तेल रंगातून वर झिरपते. रुळांखाली ते चालले. दारापुढे कोण चालवून घेणार?

कोरडे, बिनवासाचे, रंग धरणारे आणि तरीही न कुजणारे लाकूड बनवण्याचे काम भारतात झाले. देहरादूनची फॉरेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूट १९०६ साली स्थापन झाली. तिची १९२९ साली उद्घाटन झालेली भव्य विटांची इमारत अनेकांनी हिंदी चित्रपटांत महाविद्यालय म्हणून पाहिली असेल. या संस्थेतील संशोधक सोंती कामेशम यांनी १९३३ साली एक मिश्रण सिद्ध केले. पाश्चात्त्य ग्रंथांत हे नाव बहुधा ‘कामेसन’ असे आढळते. त्याआधी रिखार्ड फाल्क या जर्मन कवकशास्त्रज्ञासह त्यांनी आर्सेनिक आणि डायक्रोमेट यांचे एक मिश्रण तयार केले होते; दोघांची नावे जोडून त्याला ‘फाल्कामेसाम’ म्हणत. नव्या मिश्रणात तिसरा घटक आला, तांबे.

या मिश्रणाची गंमत समजून घेण्याजोगी आहे. त्यात मोरचूद होते. मोरचुदातले तांबे बुरशीला मारते. त्यात सोमलाच्या कुळातील आर्सेनिक पेंटॉक्साइड होते. ते वाळवीला आणि तांब्याला दाद न देणाऱ्या बुरशींना मारते. ही दोन्ही विषे पूर्वीही माहीत होती. अडचण एकच होती, ती म्हणजे ती पाण्यात विरघळत. म्हणजे पाण्यात मिसळून लाकडात भरणे सोपे, पण पहिल्या दोन पावसाळ्यांत ती धुऊन जाणार हेही ठरलेले. कामेशम यांनी त्यात डायक्रोमेट घातले. लाकडात शिरल्यावर क्रोमियमचे रासायनिक रूप पालटते आणि ते तांबे व आर्सेनिक यांना धरून न विरघळणारी संयुगे बनवते. विष आत जाताना पाण्यासारखे आणि गेल्यावर दगडासारखे. विषाला लाकडात कोंडून ठेवणे, हा खरा शोध.

आर्सेनिकची ‘एएस’ आणि तांब्याची ‘सीयू’ ही रासायनिक चिन्हे जोडून मिश्रणाला ‘अ‍ॅस्क्यू’ हे नाव मिळाले. १९३४ साली ब्रिटिश आणि १९३८ साली अमेरिकी पेटंट झाले. जग पुढे त्याला क्रोमेटेड कॉपर आर्सेनेट, थोडक्यात ‘सीसीए’ म्हणू लागले. विसाव्या शतकात भारतीय प्रयोगशाळेतून निघून जगभरच्या घरांच्या परसात पोचलेल्या शोधांची यादी केली तर हा शोध वरच्या ओळीत बसेल. शोधकर्त्याचे नाव मात्र भारतीय विज्ञानाच्या लोकप्रिय चर्चांत क्वचितच निघते.

येथे एक विलक्षण योगायोग नोंदवायला हवा. त्याच १९३३ साली, मार्च महिन्यात, इंग्लंडमधील नॉर्थविच येथे आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत एका प्रचंड दाबाच्या भांड्याच्या तळाशी पांढरा मेणचट थर सापडला. प्रयोग भलताच चालला होता. हा थर कोणाला हवा नव्हता. ते होते पॉलिइथिलीन. लाकडाला अमर करू पाहणारे मिश्रण आणि पुढे त्या लाकडाची जागा घेणारे प्लास्टिक, दोन्ही एकाच वर्षाची अपत्ये. अर्थात, दोन्ही प्रयोगशाळांना एकमेकींची गंधवार्ता नव्हती.

सीसीए अमेरिकेत प्रथम पोचले ते तारांच्या खांबांवाटे. क्रिओसोट लावलेल्या खांबावर चढणाऱ्या माणसाचे कपडे आणि कातडी दोन्ही खराब होत. त्यामुळे टेलिफोन व्यवसायाला स्वच्छ, कोरड्या खांबांची गरज होती. ‘ग्रीनसॉल्ट’ या व्यापारी नावाने हे हिरवट लाकूड तेथे रुजले. घराच्या परसात ते शिरायला अजून तीन दशके होती, कारण मुळात परसात डेकच नव्हता.

जुन्या अमेरिकी घरांपुढे असे तो पोर्च: छप्पर असलेला, लाकडी जमिनीचा ओसरीसारखा भाग. त्याची जमीन जवसाच्या तेलातील रंगाने, बहुधा करड्या, दर काही वर्षांनी रंगवावी लागे. छप्पर असल्यामुळे तो रंग निभावून जाई. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियात चित्र बदलले. टॉमस चर्च या उद्यानरचनाकाराने घर आणि बाग यांच्या मधला उघडा लाकडी डेक लोकप्रिय केला. १९४८ साली सोनोमा येथील डॉनेल कुटुंबाच्या बागेत त्याने ओकच्या जिवंत झाडांना न तोडता त्यांच्या भोवतीने डेक बांधला. झाडांचे बुंधे फळ्यांमधून वर आलेले दिसतात. आधुनिक उद्यानरचनेच्या पुस्तकांत या बागेला आजही स्थान आहे.

हे डेक रेडवूडचे असत. रेडवूडचा तांबूस गाभा सागासारखाच स्वभावतः टिकाऊ, म्हणून रंग नको. पण ‘रंग नको’ म्हणजे ‘काहीच नको’ असे नसते, हे ग्राहकाला दोन उन्हाळ्यांत कळे. लाकडातील लिग्निन हा पेशींना जोडून ठेवणारा पदार्थ सूर्याच्या अतिनील किरणांनी फुटतो, पाऊस तो धुऊन नेतो आणि फळी राखाडी होते. मऊ लाकडाची झीज तशी मंद असते, शंभर वर्षांत सुमारे सहा मिलिमीटर. म्हणजे फळी मरत नाही. फक्त म्हातारी दिसते. आणि ग्राहकाला नेमके तेच सहन होत नाही. मॅडिसन येथील फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरीने १९५० च्या दशकात यावर ‘मॅडिसन फॉर्म्युला’ काढला: जवस तेल, मेण, बुरशीनाशक आणि थोडे रंगद्रव्य. पापुद्रा धरण्याऐवजी तो लाकडात मुरत असे. खलाशांना जे ठाऊक होते ते प्रयोगशाळेने सूत्रात बांधले. कुंचला मात्र परत आलाच.

पुढे रेडवूडची जुनी जंगले विरळ झाली, १९६८ साली उरलेल्यांपैकी काहींचे राष्ट्रीय उद्यान झाले, आणि फळ्या महागल्या. दक्षिण अमेरिकी संस्थानांत सदर्न पाइन अमाप होता. कुजण्यात तो आपल्या चिडाचाच भाऊ, पण दाबाने भरलेले रसायन स्पंजासारखे शोषून घेणारा. कामेशम यांचे मिश्रण आणि हा पाइन यांची गाठ पडली, आणि १९७० च्या दशकापासून डेक ही श्रीमंतांची हौस न राहता मध्यमवर्गीय घराचा भाग झाली. शनिवार-रविवारी गृहस्थ स्वतःच करवत घेऊन बसे. मुलांचे झोके, घसरगुंड्या, बाकडी, कुंपणे, सारे या हिरवट लाकडाचे होऊ लागले.

रंगाच्या इतिहासात सीसीए लाकडाला मानाचे स्थान द्यावे लागते. क्रिओसोट रंगाला झिडकारत असे. सीसीए लाकूड रंगाला उलट अधिक घट्ट धरते. पृष्ठभागावर स्थिरावलेले क्रोमियम लिग्निनचे उन्हापासून काही अंशी रक्षण करते, त्यामुळे रंगाखालची जमीन ढासळत नाही. म्हणजे जी फळी रंगाविना चालली असती, तीच रंग सर्वांत चांगला धरत होती.

पण विष कोंडलेले होते. नाहीसे झालेले नव्हते. सर्वाधिक प्रचलित प्रकारात आर्सेनिक पेंटॉक्साइडचे प्रमाण ३४ टक्के असे आणि एका घनमीटर लाकडात हे मिश्रण सुमारे ४ ते ६.४ किलो भरले जाई. हिशेब मांडला तर प्रत्येक घनमीटर लाकडात अंदाजे ०.९ ते १.४ किलो आर्सेनिक बसते. त्यातले बहुतेक आतच राहते. थोडेसे पृष्ठभागावर येते, हाताला लागते, खालच्या मातीत उतरते. मोठ्या माणसाच्या दृष्टीने ‘थोडेसे’. पण डेकवर रांगणारे मूल दर दोन मिनिटांनी हात तोंडात घालते. त्यात कोणी उरलेसुरले तुकडे शेकोटीत टाकले, तर राखेत आर्सेनिक एकवटते.

२००१ साली फ्लोरिडातील वृत्तपत्रांनी मुलांच्या क्रीडांगणांखालच्या मातीतील आर्सेनिकच्या बातम्या छापल्या. काही क्रीडांगणे बंद झाली. १२ फेब्रुवारी २००२ रोजी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, उद्योगाशी झालेला समझोता जाहीर केला: ३१ डिसेंबर २००३ नंतर घरगुती वापराच्या लाकडासाठी सीसीए वापरायचे नाही. युरोपीय संघातही २००४ च्या मध्यापासून कडक निर्बंध आले.

आधीच उभे असलेले लाखो डेक तर कोणी उपटून टाकणार नव्हते. मग काय करायचे? उत्तर पुन्हा कुंचल्याचे निघाले. ईपीए आणि ग्राहक सुरक्षा आयोग यांनी निरनिराळे रंग व लेप तपासले आणि लाकडात मुरणारे लेप नियमाने, साधारण वर्षातून एकदा, लावल्यास पृष्ठभागावरचे आर्सेनिक बरेच कमी होते असे सांगितले. पापुद्रा धरणारे जाड रंग नकोत, कारण त्यांचे पोपडे सुटतात, ते घासून काढावे लागतात, आणि घासले की विषारी भुकटी उडते. शोभेसाठी सुरू झालेला रंग आता मुलांचे हात आणि विष यांच्यामधली भिंत म्हणून उभा राहिला. देहरादूनच्या मिश्रणाने रंगापासून सुटका देऊ केली होती. सत्तर वर्षांनी त्याच मिश्रणापायी रंग अनिवार्य झाला.

या पोकळीत कॉम्पोझिट फळी शिरली. ती एका रात्रीत जन्मलेली नव्हती. लाकडाचा भुसा आणि कृत्रिम राळ यांचे लग्न बेकेलाइटच्या काळापासूनचे आहे. १९१६ साली रोल्स-रॉइस मोटारीच्या गिअरचा मुठीसारखा दांडा अशाच मिश्रणाचा होता. १९७० च्या दशकात स्वीडनमध्ये पीव्हीसी आणि भुशाच्या लाद्या निघाल्या. १९८३ साली विस्कॉन्सिनमधील ‘अमेरिकन वुडस्टॉक’ने मोटारींच्या आतल्या भागांसाठी पॉलिप्रॉपिलीन आणि भुसा निम्मेनिम्मे घेऊन तक्ते काढले. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी टेक्सासमधील एक कंपनी आणि मोबिल या तेल कंपनीचा एक विभाग पॉलिइथिलीन व भुशाच्या फळ्या करू लागले. मोबिलचा तो विभाग १९९६ साली चार अधिकाऱ्यांनी विकत घेतला आणि ‘ट्रेक्स’ ही कंपनी उभी राहिली.

कच्चा माल म्हणजे दोन उद्योगांचा कचरा. एकीकडे सुतारकामातील भुसा. दुसरीकडे वापरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या आणि मालाच्या गठ्ठ्यांवरचे पातळ वेष्टन. पॉलिइथिलीनच का, याचे उत्तर लाकडात आहे. सुमारे २०० अंश सेल्सियसच्या पुढे भुसा करपू लागतो, म्हणून त्याआधी वितळणारेच प्लास्टिक चालते. भुसा घातल्याने प्लास्टिक ताठ होते, वजनाखाली सावकाश वाकण्याची त्याची खोड कमी होते आणि किंमत उतरते. प्लास्टिक भुशाभोवती लपेटून पाणी अडवते. म्हणजे प्रत्येक कणाला कारखान्यातच रंगाचे आवरण मिळाले, मग बाहेरून कुंचला कशाला? जाहिरातींचा सूर हाच होता, आणि २००३ नंतर आर्सेनिकला घाबरलेल्या आईबापांना तो पटला नसता तरच नवल.

खरे म्हणजे शंका घेण्यास जागा आधीच निर्माण झाली होती. फ्लोरिडातील एव्हरग्लेड्स राष्ट्रीय उद्यानात दलदलीवरून जाणारी एक पायवाट कॉम्पोझिट फळ्यांची होती. १९९८ साली मॉरिस आणि कूपर या संशोधकांनी नोंदवले की, अवघ्या काही वर्षांच्या त्या फळ्यांवर लाकूड कुजवणाऱ्या बुरशीच्या छत्र्या उगवल्या आहेत. निम्मा भुसा असलेल्या मिश्रणात प्रत्येक कण प्लास्टिकने पूर्ण वेढला जाईलच असे नाही. पृष्ठभागाजवळचे कण एकमेकांना टेकतात, त्यांची साखळी बनते आणि पाणी त्या साखळीवरून आत जाते. लाकूड प्लास्टिकच्या घरात राहायला गेले तरी त्याने आपला धर्म सोडला नव्हता.

कुजणे तसे विरळच होते. खरी तक्रार आली रंगाची. ऊन लिग्निनला सोडत नाही, मग ते अखंड फळीत असो की भुशात. पहिल्या पिढीच्या फळ्या वर्षा-दोन वर्षांत फिकट पडल्या. पृष्ठभागावरचे प्लास्टिकही उन्हाने चिरफाळून खडूसारखे पांढुरके झाले. सावलीच्या बाजूला काळे ठिपके धरले. तेलाचे, अन्नाचे डाग उघड्या पडलेल्या भुशात मुरले. राखाडी झालेले रेडवूड निदान म्हातारपणी देखणे तरी दिसे. फिकट कॉम्पोझिट फळी नुसती मळकट दिसे. फळी मजबूत, घर विकायला काढलेले, आणि डेकची कळा गेलेली. अशा वेळी गृहस्थ रंगाच्या दुकानात गेला.

येथे पॉलिइथिलीनचा स्वभाव आडवा येतो. कुठलाही द्रव एखाद्या पृष्ठभागावर पसरून चिकटायचा तर त्या पृष्ठभागाची ओढ द्रवाच्या स्वतःच्या ओढीपेक्षा बलवान हवी. पॉलिइथिलीनची पृष्ठीय ऊर्जा मीटरमागे सुमारे ३१ मिलिन्यूटन, तर पाण्याचा पृष्ठताण सुमारे ७२. म्हणून प्लास्टिकच्या पिशवीवर पाणी अळवाच्या पानासारखे मोती होऊन राहते. पाण्यात मिसळलेला रंगही तेच करू पाहतो. त्यात आणखी भर अशी की, फळी साच्यातून सहज सरकावी म्हणून मिश्रणात मेणचट वंगण घातलेले असते आणि त्यातले काही वर येऊन बसते. कोऱ्या फळीवर लावलेला रंग त्यामुळे नखाने सोलून निघे.

वाचकांपैकी कोणाला प्रश्न पडेल की, मग पिशवीवर दुकानाचे नाव कसे छापतात? छपाईपूर्वी प्लास्टिकच्या पडद्यावरून विजेच्या ठिणग्यांचा झोत फिरवतात. त्याला कोरोना प्रक्रिया म्हणतात. पृष्ठभागाला प्राणवायू चिकटतो आणि शाई धरते. कारखान्यात कॉम्पोझिट फळ्यांवरही ज्योत किंवा प्लाझ्मा फिरवण्याचे प्रयोग झाले. पण आधीच ठोकून बसवलेल्या डेकवर ठिणग्यांचे यंत्र कोण फिरवणार?

हे काम, विचित्र वाटेल, पण उन्हानेच केले. जे ऊन फळीचा रंग उडवते, तेच पृष्ठभागावरच्या प्लास्टिकला प्राणवायू चिकटवते, वंगण घालवते आणि भुशाचे तंतू उघडे करते. त्यामुळे जुनी, विटलेली कॉम्पोझिट फळी नव्या फळीपेक्षा रंग बरा धरते. फळी काही महिने ऊनपाऊस खाऊ द्यावी आणि मगच रंगवावी, असा सल्ला त्यातून रूढ झाला. बिघाड होऊ दिल्याशिवाय डागडुजी लागू होत नाही, असा हा प्रकार.

रंगाऱ्यांची कार्यपद्धतीही अनुभवातून ठरत गेली. आधी साबणाने आणि बुरशीनाशक द्रावाने घासून धुवायचे. खडूसारखा सुटा थर पूर्ण काढायचा, कारण रंग त्या थराला चिकटतो आणि थर फळीला चिकटलेला नसतो. फळ्यांच्या फटींतले पाणी वाळू द्यायचे. मग प्लास्टिकला धरणाऱ्या प्रायमरचा एक हात आणि त्यावर लवचिक अ‍ॅक्रिलिक रंगाचे दोन हात. लवचिक अशासाठी की, लाकूड ओलाव्याने रुंदीत फुगते, तर ही फळी उन्हाने लांबीत वाढते; ठिसूळ रंग त्या ताणात फाटतो. गडद छटा टाळायच्या, नाहीतर दुपारी अनवाणी पाय ठेवता येत नाही. थर पातळ ठेवायचा, अन्यथा फळीवरची नक्षी बुजून पाय घसरतो. जहाजावरच्या खलाशांची ती जुनी तक्रार येथे जशीच्या तशी परत आली.

आणि एकदा रंगवले की सुटका नाही. चालण्याच्या वाटेवर रंग आधी झिजतो, कडेला टिकतो. मग पट्टे दिसतात, मग दर काही वर्षांनी पुन्हा हात. पॉलिश पेपरने घासावे तर लाकडाऐवजी प्लास्टिकची भुकटी उडते आणि मातीत मिसळते. रंगवल्यास हमी रद्द, अशी अट अनेक उत्पादकांच्या कागदपत्रांत बारीक अक्षरांत असते. ज्याने ‘रंग नको’ म्हणून जास्त पैसे मोजले, त्याला रंगाचे पैसेही मोजावे लागले आणि हमीवर पाणीही सोडावे लागले. या व्यवहारात फसले कोण, हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही.

उद्योगाने यावर उपाय काढला तो फळीला टोपी चढवण्याचा. २०१० च्या सुमारास भुसामिश्रित गाभ्याभोवती शुद्ध प्लास्टिकचे पातळ कवच त्याच साच्यातून एकदम ओढलेल्या फळ्या सर्वत्र आल्या. कवचात भुसा नाही, म्हणून लिग्निन नाही. रंगद्रव्य आणि अतिनील किरण शोषणारी रसायने मात्र भरपूर. या फळ्या पहिल्या पिढीपेक्षा निश्चितच रंग टिकवतात. पण त्यांना रंगवू पाहणाऱ्याचे काम आणखी कठीण झाले, कारण रंगाला पकडायला उघडे तंतूच उरले नाहीत. बारकाईने पाहिले तर ते कवच म्हणजे कारखान्यात दिलेला, एक मिलिमीटरच्या आतबाहेर जाडीचा, एकच एक रंगाचा हात आहे. तो उडाला की दुसरा हात देण्याची सोय नाही, फळी बदलायची.

‘लाकडी व कॉम्पोझिट डेकसाठी’ असे लिहिलेला डबा म्हणूनच मुख्यतः १९९० आणि २००० च्या दशकांतील बिनटोपीच्या फळ्यांसाठी विकला जातो. त्याच दुकानातील गिऱ्हाइकांपैकी काहींच्या परसात त्याहूनही जुने, सीसीएचे हिरवट डेक अजून उभे आहेत आणि त्यांचे मालक दुसऱ्या फडताळावरचा, लाकडात मुरणारा लेप उचलतात. घरगुती वापर थांबला तरी सीसीए स्वतः संपलेले नाही. अमेरिकेत विजेचे खांब आणि खाऱ्या पाण्यातील खुंट यांसाठी त्याचा वापर आजही चालतो, आणि भारतीय मानक ४०१ मध्ये लाकूडरक्षक रसायनांच्या यादीत तांबे, क्रोम व आर्सेनिक यांचे मिश्रण नोंदलेले आहे: आर्सेनिक पेंटॉक्साइड एक भाग, मोरचूद तीन भाग, डायक्रोमेट चार भाग.